सहा चाळीसचा खड्डा

आमच्या घराच्या आलेखात संध्याकाळी खड्डा होता. साधासुधा नव्हे, थेट तळाला टेकलेला. सहा चाळीसला रेघ कोसळत होती, पंचेचाळीस मिनिटं जमिनीवर सपाट पडून राहत होती आणि सात पंचवीसला, जणू काही झालंच नाही अशा थाटात, उठून उभी राहत होती. एक दिवस नव्हे, महिनाभर रोज. मोबाइलचा पडदा मी बोटांनी ताणून मोठा केला, चष्मा पुसून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. खड्डा हलला नाही. हे सगळं सुरू झालं वीज कंपनीच्या पत्रामुळे. आपल्या घरी इलेक्ट्रिक गाडी आल्याचं कळून आम्हाला आनंद झाला, असं त्यात लिहिलं होतं. गाडी माझी नाही, बायकोची आहे. मला तिच्यात बसायला मिळतं, तेही मागच्या सीटवर तिच्या पेट्या नसल्या तर. कंपनीच्या आनंदाचं कारण पुढच्या ओळीत होतं. यापुढे आपल्याला दोन दरांपैकी एक निवडावा लागेल, आणि एकदा निवडला की वर्षभर बदलता येणार नाही. एक दर दिवसरात्र सारखा. दुसरा तीन तोंडांचा : दुपारी स्वस्त, संध्याकाळी सहा ते दहा चांगलाच महाग, उरलेल्या वेळी मधला. पत्र येऊन महिना झाला होता. मी ते इतकं नीट ठेवलं होतं की सापडेपर्यंत मुदतीचा एकच दिवस उरला होता. आणि निवड सोपी जावी म्हणून कंपनीने तळाशी एक प्रश्न छापला होता : आपल्या घरात संध्याकाळी सहा ते दहा या वेळात साधारण किती वीज लागते?

हा प्रश्न मला विचारणं म्हणजे गवंड्यापुढे वीट धरून हे काय आहे म्हणून विचारण्यासारखं होतं. एकतीस वर्षं मी विजेच्या नियंत्रण कक्षात काढली. अख्ख्या प्रदेशाला या क्षणी किती वीज लागते आहे ते समोरच्या भिंतीवर दिसायचं, आणि पुढच्या अर्ध्या तासात किती लागेल ते आम्ही सांगायचो. संध्याकाळ आमच्या लेखी सूर्यास्त वगैरे नव्हती, डोंगर होती. पाचला पायथा, सहाला चढण, साडेसातला माथा. कुणी कुणाला न सांगता लाखो हात एकाच सुमाराला बटणाकडे जायचे, आणि मला त्या हातांचं फार कौतुक वाटायचं. आभाळ भरून आलं की डोंगर दहा मिनिटं आधी चढायला लागायचा. म्हणजे कुठेतरी कुणीतरी सुईत दोरा ओवत होतं आणि तिला भोक दिसेनासं झालं होतं. परीक्षांच्या दिवसांत उतार रेंगाळायचा. मोठा सामना रंगात असला की चढण थबकायची, आणि सामना संपल्याबरोबर सगळा प्रदेश एकदम उठून स्वयंपाकाला लागायचा. एकाही माणसाचा चेहरा न दिसता मी त्या सगळ्यांना ओळखत होतो. निदान तसं मी समजत होतो. आणि वीज कमी पडली की त्याच डोंगराचा माथा छाटायचं कामही माझंच होतं. त्याला लोक भारनियमन म्हणायचे, आणि ते सुरू झाल्यावर आणखी बरंच काही म्हणायचे. कुणाला आधी अंधारात ढकलायचं याची यादी असे, आणि त्या यादीबाबत आमच्या कक्षात एक अलिखित नियम होता : ज्याची पाळी, त्याचं घर पहिलं. हा नियम घालून दिला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने. त्याला आम्ही कंदील म्हणायचो, कारण त्याच्या घरी संध्याकाळी तेवढाच असायचा. “स्वतःच्या बायकोला अंधारात बसवायची छाती नसेल,” कंदील म्हणायचा, “तर दुसऱ्याच्या बायकोला बसवायचा हक्क नाही.” दुसरा नियम लिखित होता. वेळ कुणाला सांगायची नाही, घरच्यांनाही नाही. ती वेळ रोज वेगळी असायची, कधी सहा वीस, कधी सात दहा, आणि एखाद्या दिवशी निभावून जायचं. आमच्या वस्तीला वीज नेणाऱ्या वाटेचा नंबर सतरा होता. पाळी माझी असली की मी फोन उचलून पहिल्यांदा म्हणायचो, सतरा पाडा. आमच्या भिंतीवर लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद; सतराचा लाल दिवा विझून हिरवा लागायचा, आणि मला दिसायचं की तिकडे माझं घर अंधारात गेलं आहे, माझी बायको हातातलं काम तसंच धरून उभी आहे. मग मी अठरा म्हणायचो. दोन्ही नियम मी शेवटपर्यंत पाळले. निवृत्तीच्या दिवशी मला पितळी पाटी मिळाली : आदर्श गोपनीयतेबद्दल. ती दिवाणखान्यात आहे, मीटरच्या पेटीच्या बरोबर वर. तिथे आधीपासून खिळा होता.

आणि आता माझ्या स्वतःच्या घरात संध्याकाळी किती वीज लागते हे मला सांगता येत नव्हतं. नोकरीतल्या बहुतेक संध्याकाळी मी दुसऱ्यांच्या संध्याकाळी सांभाळत होतो. निवृत्तीनंतर सहा वाजले की माझे हात शिवशिवायला लागतात, घरात बसवत नाही, म्हणून सहाला फिरायला बाहेर पडतो तो आठला परत येतो. बारा वर्षं झाली. थोडक्यात, आपल्या घरी दिवेलागणीला काय होतं हे पाहिलेला माणूस मी नव्हतोच. शेवटी मुलीने मागे कधीतरी मोबाइलमध्ये घालून दिलेली कंपनीची ती पाच-पाच मिनिटांची रेघ उघडली, तर हा खड्डा. आता खड्डा आणि शून्य यांत फरक असतो. माणसं गावाला गेली, घराला कुलूप लागलं, तरी घर शून्यावर येत नाही. आत फ्रिज कण्हत असतो, कुठलातरी बारीक दिवा डोळा उघडा ठेवून पडलेला असतो. शून्य म्हणजे वीज गेलेली. मी कंपनीला फोन लावला आणि पलीकडच्या मुलीला अनुभवी माणसाच्या आवाजात सांगितलं की तुमच्या लाइनमध्ये दोष आहे.

“काका, तुमच्या इमारतीत बाकी सगळ्यांकडे त्या वेळी लाइट दिसतोय,” ती म्हणाली.

“मग आमच्याकडेच का जातो?”

“जात नाही, काका. कुणीतरी घालवतंय.”

“कोण?”

“ते आमच्याकडे दिसत नाही,” ती मुलगी म्हणाली आणि आणखी काही मदत हवी आहे का, असं तिने विचारलं. मदत हवी होती, पण ती तिच्या खात्यातली नव्हती. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. घरात माणसं दोन. त्यातला एक सहा ते आठ बाहेर. हिशेब लाखो घरांचा असो की दोन माणसांचा, वजाबाकी सारखीच. भारनियमन बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि माझी बायको अजून रोज संध्याकाळी वीज घालवत होती. मला कंदिलाचं वाक्य आठवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की छाती त्याची नव्हती, माझीही नव्हती, ज्यांना अंधारात बसवलं त्यांची होती. किती वर्षं कोंडून ठेवल्यावर माणूस दार उघडं असतानाही बाहेर येत नाही? हा प्रश्न मी कधी कुणाला विचारला नव्हता, आणि कंपनीच्या अर्जात तो नव्हता.

दुपारी आमच्या मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते आणि आमचे निर्णय तिथून घेते. “बाबा, यात विचार कसला करताय? गाडी आहे ना, मग तीन दरांचाच. आई दुपारी जेवायला घरी येते तेव्हा गाडी चार्जिंगला लावायची. विषय संपला.”

“आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळी जरा हात आखडायचा.”

“तुझ्या आईने?”

“मग काय, दातवाल्या काकांनी?” ती म्हणाली. दातवाले काका म्हणजे खालच्या मजल्यावरचे डॉक्टर. त्यांच्या ड्रिलचा आवाज आमच्या जमिनीतून येतो. मुलीचं गणित बिनचूक होतं. मीही दुसऱ्याच्या घरासाठी तेच सांगितलं असतं. पण माझ्या मनाने एव्हाना दुसरंच घेतलं होतं. इतकी वर्षं हिचं घर मी यादीत पहिलं ठेवलं. आता कंपनीच्या शिक्क्यानिशी पुन्हा, वर्षभरासाठी, संध्याकाळ जपून वापर म्हणून सांगायचं? नाही. सारखा दर घ्यायचा. हिने सातला घरातले सगळे दिवे लावावेत, गाडी लावावी, वाटलं तर ओव्हनही नुसता फिरवत ठेवावा. या वेळी तरी हिला अंधारात बसवायचं नाही. अर्ज भरण्याआधी तिला हे तोंडावर सांगायचं ठरवून मी त्या संध्याकाळी फिरायला गेलोच नाही.

बायको श्रवणयंत्रं बसवते. वयाची पासष्टी उलटली तरी पेट्या घेऊन घरोघरी जाते. तिचे पेशंट तिच्याहून म्हातारे आणि तिच्याहून हट्टी. गाडी चालवायला शिकली तेव्हा ती साठीची होती. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला होता, आणि तिसऱ्या आठवड्यात तिच्या शेजारी बसून तो झोपला होता. गाडी आवाज करत नाही आणि पेशंटला ऐकू येत नाही, तरी दोघांची भेट वेळेवर होते, हे श्रेय तिचं. त्या दिवशी पाचला ती आली, खाली गाडीला वायर लावली, वर येऊन चहा टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

“फिरायला नाही गेलात?”

“गुडघा.”

“कालपर्यंत डावा दुखत होता.”

“मग?”

“हात उजव्यावर आहे,” ती म्हणाली आणि पुढे काही विचारलं नाही. हा तिचा धंद्यातला गुण. समोरच्याला किती ऐकू येतं आणि किती ऐकू न आल्याचं तो दाखवतो, हे तिला पहिल्या मिनिटात कळतं. तिने भाजी फोडणीला टाकली, पाणी भरून ठेवलं, उद्याचे कपडे इस्त्री केले. काम कुठे अडखळत नव्हतं आणि कुठे घाईही नव्हती. मी नियंत्रण कक्षात इतकी वर्षं काढली, पण एकामागून एक इतका सुरळीत भार उतरताना पाहिला नव्हता. सहा अडतीसला तिने गॅस बंद केला. हात पुसले. पितळी पाटीखाली उभी राहिली, मीटरची पेटी उघडली आणि मुख्य बटण खाली ओढलं. खट्. पंखा दमत दमत थांबला. फ्रिज शेवटचा एकदा थरथरला. खाली अंगणात गाडीचा हिरवा ठिपका विझला. रस्त्यावरचा थोडा उजेड छतावर येऊन पडला आणि मला माझी बायको खुर्चीत बसल्याचं ऐकू आलं.

“फ्रिजसुद्धा?” मी विचारलं.

“तोच जास्त बोलतो.”

मी ठरवलेलं सगळं बोलून टाकलं. नियम, कंदील, सतरा नंबर, सारखा दर, ओव्हन. अंधारात बोलताना आपला आवाज आपल्यालाच केविलवाणा वाटतो. आता यादी संपली आहे, मी म्हणालो, तुला असं बसायची गरज नाही, मी उद्याच्या उद्या सारखा दर घेतो. खालून ड्रिलचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

“पहिली दोन वर्षं मी तुम्हाला शिव्या देत बसायचे,” ती म्हणाली. “अगदी ठेवणीतल्या. मग शिव्या संपल्या. आणि मग ऐकू यायला लागलं.”

“काय?”

“सगळंच. जिन्यात कुणाचा पाय दुखतोय, कुठल्या घरात अबोला आहे, वरच्या मजल्यावरचं बाळ खरं रडतंय की खोटं. माझं काम मी तिथे शिकले, अहो. कॉलेजात नुसतं मशीन शिकवतात. दिवसभर कानात शिट्ट्या वाजवणारी यंत्रं लावून घेतल्यावर हा पाऊण तास नसेल ना, तर दुसऱ्या दिवशी माझ्या हातून एकाचंही यंत्र नीट लागणार नाही. भारनियमन बंद झालं तेव्हा सगळ्या इमारतीने टाळ्या वाजवल्या आणि मी आठ दिवस बेजार. शेवटी एक दिवस उठले आणि बटण पाडलं.”

“पण सहा चाळीसच का?”

“तुमच्या सगळ्या वर्षांची सरासरी काढली.”

एकतीस वर्षं सरासऱ्या काढून जगलेल्या माणसाची इतकी अचूक सरासरी कुणी काढली नसेल. आणि मग डोक्यात एक साधा प्रश्न उगवला, जो खरं तर पूर्वीच उगवायला हवा होता. वेळ तर रोज बदलायची. ती कुणालाच ठाऊक नसायची. तरी रोज रात्री मी घरी यायचो तेव्हा कधी अर्धा शिजलेला भात नसायचा, कधी पाण्याची टाकी रिकामी नसायची, मुलीचा अभ्यास कधी अर्ध्यावर राहिलेला नसायचा. मी त्याला बायकांची उपजत जाण म्हणायचो, आणि पुरुषांच्या पद्धतीप्रमाणे तिथेच विचार थांबवायचो. “तुला कळायचं कसं?” मी विचारलं.

ती हसली. उजेडात ती अशी हसत नाही. “तुमचा फोन यायचा ना.”

“तो वेगळा. जेवायला काय केलंयस, एवढंच विचारायचो.”

“दहा मिनिटं आधी. दर वेळी. आणि ज्या दिवशी लाइट जायची नाही त्या दिवशी जेवायला काय आहे याचं तुम्हाला काडीचं सोयरसुतक नसायचं.”

फोन मी करायचो, खरं आहे. पण तो वेळ सांगायला नव्हता. सतरा पाडा म्हणण्याआधी एकदा तिचा आवाज ऐकावासा वाटायचा, दिवे लागलेल्या घरातला. उजेडातल्या माणसाचा आवाज आणि अंधारातल्या माणसाचा आवाज वेगळा असतो. तेवढा एक उजेडातला आवाज कानात घेऊन मी पुढचं काम करायचो. नियम मोडतो आहे हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. “मी फोन ठेवला,” ती म्हणत होती, “की पिवळं फडकं कठड्यावर टाकायचे. खाली डॉक्टर बघायचे, समोरचा शिंपी बघायचा, गल्लीच्या तोंडाचा न्हावी बघायचा. कुणी मध्येच अडकायचं नाही.” म्हणजे गुप्त वेळ अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. एकट्या मला सोडून. माझ्या डोक्यावर, अंधारात, आदर्श गोपनीयतेची पाटी लटकत होती, आणि ती दिसत नव्हती हे तिचे उपकार.

“मला कधी सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही फोन करायचं बंद केलं असतं,” ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. वरचं बाळ रडलं; माझ्या कानाला तरी ते खरं वाटलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं निरोपसमारंभातल्या भाषणांसारखं होतं, आणि त्या भाषणांचं पुढे काय होतं ते माझ्या डोक्यावरच टांगलेलं होतं. मी नुसता ऐकत राहिलो. हळूहळू जिना ऐकू आला. मग रस्ता. मग तिचा श्वास, जो मी चाळीस वर्षं पंख्याच्या आवाजाखाली ऐकत आलो होतो, म्हणजे ऐकला नव्हता. सात पंचवीसला ती उठली आणि तिने बटण वर केलं. आम्ही दोघांनी डोळे मिचकावले. “तीन दरांचाच घ्या,” ती भाजीवरचं झाकण काढत म्हणाली. “दुपारी जेवायला येते तेव्हा गाडी लावीन. आणि संध्याकाळी वीज महाग असली म्हणजे तुम्ही तरी घरी राहून टीव्ही लावणार नाही. मला धास्ती तीच आहे.”

सकाळी जिन्यात दातवाले डॉक्टर भेटले. हल्ली त्यांचे पेशंट कमी आणि सल्ले जास्त झालेत. मी पिवळ्या फडक्याचं विचारलं, तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “अहो, तुमच्यामुळे इतक्या वर्षांत कुणाच्या दाढेत माझं ड्रिल अडकलं नाही. तुमच्या सुट्टीच्या दिवशी मात्र माझे हाल कुत्रं खायचं नाही. एकदा एका वकिलाचं तोंड सव्वा तास उघडं राहिलं होतं. न बोलता तोंड उघडं ठेवायची त्याची पहिलीच वेळ.” वर येऊन मी अर्ज भरला. दर : तीन तोंडांचा. हा दर निवडण्याचं कारण, म्हणून कंपनीने चार पर्याय दिले होते : बचत, पर्यावरण, सोय, इतर. मी ‘इतर’वर खूण केली. पुढे स्पष्टीकरणासाठी एवढीशी रेघ होती. त्या रेघेवर बसेल असं काही मला सुचलं नाही, आणि बसलं असतं तरी ते गोपनीय होतं.

नवा दर पुढच्या महिन्यापासून. पण त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा सहाला बाहेर पडलो आणि फाटकापाशीच थांबलो. अंगणात गाडीला वायर लागलेली होती, हिरवा ठिपका संथ उघडमीट करत होता. वर आमच्या खिडकीत उजेड होता. खालच्या मजल्यावरून ड्रिलचा आवाज येत होता. हात शिवशिवत होते. बारा वर्षांत प्रथमच त्यांना काय हवं आहे ते मला कळलं. सहा तीसला मी मोबाइल काढून घरचा जुना फोन लावला. तो आता फक्त बँकवाल्यांसाठी उरला आहे. चार घंट्या झाल्या. तिने उचलला.

“जेवायला काय केलंयस?” मी विचारलं.

पलीकडून आवाज आला, दिवे लागलेल्या घरातला. “कळलं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी मान वर करून उभा राहिलो. थोड्या वेळाने कठड्यावर एक पिवळं फडकं आलं. तेच असणं शक्य नव्हतं, पण पिवळं होतं. खालच्या मजल्यावर डॉक्टरांचं ड्रिल, जुन्या सवयीने, थांबलं. मी घड्याळाकडे पाहिलं, सवयीने. सहा चाळीसला माझ्यासमोरचा हिरवा ठिपका विझला, मग आमची खिडकी विझली. बाकीची सगळी इमारत, सगळा रस्ता, दिसेल तेवढा सगळा डोंगर झगमगत वर चढत होता. आमचं घर पहिलं. मी जिन्याकडे निघालो, पाय न वाजवता, कारण ती ऐकत असणार होती.